मासळीबाजारातली तोंडी आकडेमोड आणि माझं कच्चं संख्याशास्त्र: सुरुवात कुठून करू?

खारी_हवा

नमस्कार मंडळी. मी मालवणची. बारावी आर्ट्स, मग बीए मराठी, आता नोकरी सांभाळून बाहेरून एमए मानसशास्त्र. दहावीनंतर गणिताचं तोंड बघितलं नाही आणि त्याचं कधी वाईटही वाटलं नाही. पण शेवटच्या वर्षाला एक छोटा प्रकल्प करावा लागतो आणि त्यात आता अडकलेय.

विषय बाजारात उभी असतानाच सुचला. आईबरोबर मासे घ्यायला गेले होते. नेहमीच्या मावशी बोलल्या, "सौंदाळे दीडशे, बांगडे सव्वादोनशे, सुंगटांचो वाटो पावणेदोनशे, साडेपाचशे झाले, तू पाचशेच दी." मी तोवर मोबाईलवर कॅल्क्युलेटरच शोधत होते! आणि ह्याच मावशी बचत गटाच्या मीटिंगला वही माझ्यापुढे सरकवून म्हणतात, "बाय, ही बेरीज जरा करून दी." म्हणजे तोंडी जे फाडफाड येतं ते कागदावर का अडतं? हे मोजता येईल का असं वाटलं.

माझा प्लॅन असा की बाजारातल्या १५ मासेवाल्या घ्यायच्या, त्यांना तिथेच तोंडी हिशेब विचारायचे, आणि कॉलेजच्या १५ मुलींना तेच हिशेब कागदावर द्यायचे, मग टी-टेस्ट. सर म्हणाले "तीस झाले की पुरे, टी-टेस्ट लावा." पण टी-टेस्ट म्हणजे नक्की काय ते मला ठाऊक नाही आणि सरांना विचारायला लाज वाटली. किती संख्याशास्त्र शिकावं लागेल, कुठून, आणि हा प्लॅन बरोबर आहे का? घाई एवढ्यासाठी की १ जूनपासून मासेमारी बंदी, मग बाजारात अर्ध्या पाट्या रिकाम्या. हातात जेमतेम पाच आठवडे आहेत.

सुरमई_फ्राय

सौंदाळे दीडशेला??? कुठल्या बाजारात ते आधी सांगा, संख्याशास्त्र नंतर बघू.

आकडेशास्त्री

खारी_हवा, विषय झकास आहे, पण प्लॅनला मोठं भोक आहे. मी रत्नागिरीला पंचवीस वर्षं संख्याशास्त्रच शिकवलं, त्यामुळे जरा मास्तरकी सहन करा.

समजा मावशींना ९० टक्के गुण पडले आणि मुलींना ६०. ह्यातून काय कळलं? तोंडी हिशेब सोपा की बाजार सोपा की मावशी मुळातच हुशार की तीस वर्षांचा सराव की मुलींना तुमच्या प्रकल्पाचा कंटाळा? तुमच्या दोन गटांत वय वेगळं, धंदा वेगळा, जागा वेगळी, पद्धत वेगळी. सगळं एकदम बदललं की फरक कशामुळे पडला ते ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही, टी-टेस्ट बिचारी काय सांगणार. ती फक्त एवढंच बघते की दोन सरासऱ्यांमधला फरक नुसत्या योगायोगाने पडणाऱ्या चढउताराच्या मानाने मोठा आहे का. तो फरक कशाचा, हे टेस्टला माहीत नसतं, ते आधीच आखणीत बांधून घ्यावं लागतं.

तुमचा प्रश्न तुम्हीच वर लिहिलाय की: त्याच मावशी, तोंडी आणि कागदावर. मग कॉलेजच्या मुली आल्या कुठून?

खारी_हवा

अय्यो. खरंच की. मुली आल्या कारण सर म्हणाले दोन ग्रुप लागतात.

दापोलीचा_माळी

मास्तरांशी सहमत. मी मानसशास्त्रवाला नाही, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातून एमएस्सी केली, आमच्याकडे हे कलमांवर करतात. खताचे पाच प्रकार तपासायचे तर पहिल्या खताची सगळी झाडं वर कातळावर आणि दुसऱ्याची सगळी खाली ओढ्याजवळ असं करून चालत नाही, खाली ओल जास्त, ती झाडं कुठल्याही खताने चांगलीच दिसणार. म्हणून उताराप्रमाणे बागेचे पट्टे पाडायचे, म्हणजे ब्लॉक, आणि प्रत्येक पट्ट्यात पाचही खतं चिठ्ठ्या टाकून वाटायची. मग तुलना पट्ट्याच्या आतल्या आत होते.

तुमच्याकडे प्रत्येक मावशी म्हणजे एक पट्टा. तिचं वय, शिक्षण, स्वभाव सगळं तिच्याबरोबरच दोन्हीकडे जातं. तोंडी वजा कागद, प्रत्येकीचा एक फरक, आणि त्या फरकांवर टी-टेस्ट. तिला पेअर्ड म्हणतात. झालं.

आणखी एक, हे विसरू नका. माझ्या बॅचच्या एकाने एकाच झाडाचे चाळीस आंबे मोजून "एन = ४०" (एन म्हणजे नमुन्यांची संख्या) लिहिलं होतं, तोंडी परीक्षेत असा सोलला त्याला. झाड एक तर एन एक. तुम्ही एका मावशीला दहा गणितं घातलीत म्हणून दहा मावश्या होत नाहीत.

नाना_फडफडे

मला कळत नाही प्रत्येक गोष्टीला टेस्ट कशाला लावायची. दोन महिने बाजारात बसा, बघा, बोला, लिहा. माझी आजी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी घडाघडा म्हणायची, तिने कुठली टी-टेस्ट दिली होती? आकड्यात माणूस हरवतो. आणि शितावरून भाताची परीक्षा आपल्याकडे पूर्वापार आहेच.

गुहागरची_सून

नाना, शितावरून परीक्षा होते कारण भात ढवळलेला असतो. आमच्याकडे वरचं शीत बघून गॅस बंद केला की खाली करपलेलं निघतं, हा माझा स्वतःचा डेटा आहे :)

आंब्याच्या पेटीचंही तेच. वरचा थर बघून पेटी घेणारे मुंबईचे पाहुणे आणि खालचा थर भरणारा आमचा दीर, दोघांनाही सॅम्पलिंग चांगलं कळतं, फक्त एकाला उशिरा.

किनाऱ्यापल्याड

मी कॉग्निटिव्ह सायन्समध्येच आहे, म्हणजे माणूस विचार कसा करतो त्याचा अभ्यास (घर वेंगुर्ल्याला, सध्या पोटापाण्यासाठी लांब). खारी_हवा, तुमचा प्रश्न चांगला आहे ह्याचा पुरावा म्हणजे तो ब्राझीलमध्ये विचारून झालाय. १९८५ साली कॅराहर दांपत्य आणि श्लीमन यांनी रेसिफे शहरात रस्त्यावर, बाजारात विक्री करणाऱ्या पाच मुलांवर काम केलं. गिऱ्हाईक बनून गेले आणि विचारलं, नारळ केवढ्याला? ३५. दहा हवेत. तर पोरगा शाळेसारखं शून्य लावत नाही, तो म्हणतो तिनाचे १०५, आणखी तीन घेतले की २१०, अजून चार हवेत... ३१५... ३५०. बरोबर!

मग त्याच मुलांना नंतर त्याच प्रकारची गणितं औपचारिक पद्धतीने दिली. बाजारात ९८ टक्के उत्तरं बरोबर आली होती, शाब्दिक उदाहरणांत साधारण ७४, आणि नुसत्या आकड्यांच्या क्रियांत ३७. तीच मुलं.

नानांनाही उत्तर ह्यातच आहे. नुसते टक्के घेतले असते तर ते नारळाचं "तीन, आणखी तीन" कळलं नसतं, आणि नुसतं ऐकून घेतलं असतं तर फरक एवढा मोठा आहे हे कुणी मानलं नसतं. दोन्ही करा, उत्तर लिहा आणि ती कशी पोचली तेही लिहा.

एक खोट मात्र दाखवतो. तिथे बाजारातली फेरी कायम आधी आणि औपचारिक नंतर होती. म्हणजे सरावाचा फायदा झालाच तर तो दुसऱ्या फेरीला, आणि तिथेच गुण कमी पडले, म्हणून त्यांचा निष्कर्ष ढासळत नाही. पण तुमच्याकडे उलटंही होऊ शकतं, दुसऱ्या फेरीला बाई दमलेली किंवा वैतागलेली असेल. म्हणून निम्म्या जणींना तोंडी आधी, निम्म्या जणींना कागद आधी. शिवाय गणितांचे दोन संच करा, सारख्याच अवघड आकड्यांचे, आणि तेही आलटून पालटून.

सुरमई_फ्राय

नारळ पस्तीसला दहा... काय ते दिवस. (ह. घ्या.)

बाबल्या_मिठगवाणे

पण मग तीसचं काय? सगळीकडे तीस ऐकलंय. आमच्या कॉलेजात तर तीस म्हणजे देववाक्य.

आकडेशास्त्री

तीस हा आकडा कुठल्याही शास्त्रात कोरलेला नाही. टी-टेस्टचा जन्मच मुळी छोट्या नमुन्यांसाठी. गॉसेट नावाचा गृहस्थ डब्लिनला गिनेसच्या दारूभट्टीत कामाला होता, हातात मोजकेच नमुने असायचे, आणि तेवढ्यावर अंदाज किती चुकू शकतो हे त्याने १९०८ साली काढलं. "स्टुडंट" ह्या टोपणनावाने छापलं, म्हणून आजही स्टुडंट्स टी. तेव्हा मित्रांनो, टी-टेस्टला बिअरचा वास आहे, कॉलेजच्या देव्हाऱ्यातली नाही ती.

किती माणसं लागतील ते तुम्ही किती बारीक फरक शोधताय त्यावर ठरतं. फरकाला प्रमाण विचलनाने (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) भागलं की कोहेनचा डी मिळतो. साधारण ०.२ लहान, ०.५ मध्यम, ०.८ मोठा असं तो म्हणाला, आणि तेही नाइलाज असेल तेव्हाच वापरा म्हणाला. आता ०.५ चा फरक खरोखर असेल आणि तो शंभरातल्या ऐंशी वेळा पकडता यावा असं वाटत असेल, नेहमीच्या ०.०५ च्या पातळीवर (म्हणजे फरक नसताना शंभरात पाच वेळा चुकून "आहे" म्हणायची मुभा), तर दोन वेगळ्या गटांना प्रत्येकी ६४ माणसं लागतात. १५ नव्हे! आणि त्याच माणसांची पेअर्ड तुलना केली तर एकूण ३४. (इथे डी हा प्रत्येकीच्या फरकांवरचा, हे लक्षात असू द्या.) जी-पॉवर नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, आकडे टाकून स्वतः बघा.

बाबल्या_मिठगवाणे

१२८ विरुद्ध ३४. एवढ्यात पटलं. वाचनखूण साठवली.

गुहागरची_सून

मला पी-व्हॅल्यू कुणीतरी माणसांच्या भाषेत सांगा. की मीच सांगते आणि तुम्ही चुका काढा.

गेल्या मे महिन्यात आमच्याकडे देवगड विरुद्ध रत्नागिरी हे महायुद्ध झालं. सासरे म्हणाले डोळे मिटून ओळखतो. मी कुठेतरी फिशर ह्या संख्याशास्त्रज्ञाचा चहाचा प्रयोग वाचला होता (१९३५ च्या पुस्तकातला, बाई म्हणते दूध आधी की चहा आधी ते चवीवर ओळखते, आठ कप, चार असे चार तसे). मी आठ वाट्या मांडल्या, चारांत देवगडच्या फोडी, चारांत रत्नागिरीच्या, चिठ्ठ्या उचलून क्रम ठरवला, सासऱ्यांच्या डोळ्यांवर त्यांचाच गमछा. त्यांनी चारातले तीन देवगड बरोबर ओळखले, म्हणजे एकूण आठातल्या सहा वाट्या बरोबर. घरात विजयोत्सव. आठातून चार निवडायच्या ७० तऱ्हा, चारही बरोबर यायची एकच, तीन बरोबर यायच्या १६. म्हणजे काहीच न कळणारा माणूसही नुसत्या अंदाजाने तीन किंवा जास्त बरोबर सांगेल ७० पैकी १७ वेळा, जवळजवळ २४ टक्के. सासऱ्यांना हे सांगितल्यावर त्यांनी दोन दिवस माझ्या हातचा चहा घेतला नाही.

पण खरी गंमत पुढे. नंतर जाऊबाईंनी सांगितलं की रत्नागिरीची पेटी दोन दिवस आधी उघडली होती. म्हणजे ते फळ जास्त पिकलेलं. तेव्हा ओळखलं असतं तरी देवगड ओळखलं की पिकलेपण, कोण जाणे.

आकडेशास्त्री

सूनबाई, एकही चूक नाही. हीच पी-व्हॅल्यू: "काहीच फरक नाही" असं धरून चाललं तर एवढा किंवा ह्याहून टोकाचा निकाल किती वेळा येईल. ती "सासऱ्यांना कळतं ह्याची शक्यता" नव्हे, आणि ०.२४ आली म्हणजे "सासऱ्यांना कळत नाही" हेही सिद्ध होत नाही. आठ वाट्यांचा प्रयोगच लहान होता. हा घोळ एवढा पसरला की २०१६ साली अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनला त्यावर निवेदन काढावं लागलं.

देवगडकर_कट्टर

पिकलेपणाचं कारण सांगू नका. कळतं म्हणजे कळतंच.

रत्नांग्री_हापूस

रत्नागिरीला ओळखायची गरज नसते. २०१८ साली जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं तेव्हा रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग दोन्ही जिल्हे त्यात आहेत, भांडण मिटवा.

किनाऱ्यापल्याड

मिटणार नाही :) धाग्यावर येतो. मासळीचा विषय निघालाच आहे तर आमच्या शाखेतला सगळ्यात प्रसिद्ध मासा सांगतो. २००९ मध्ये बेनेट आणि मंडळींनी एक मेलेला सामन मासा एफएमआरआय मशिनमध्ये (मेंदूचा कुठला भाग काम करतोय ते दाखवणारं स्कॅनर) ठेवला आणि त्याला माणसांचे फोटो दाखवून विचारलं, ह्या माणसाला काय वाटत असेल? स्कॅनमधले हजारो बारीक तुकडे एकेक करून तपासले, एवढ्या टेस्ट एकदम लावल्याची दुरुस्ती आकड्यांत न करता, तर काही तुकडे "सक्रिय" दिसले. दुरुस्ती केल्यावर गायब. २०१२ ला ह्याला इग नोबेल (आधी हसवणाऱ्या, मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस) मिळालं. मुद्दा साधा आहे. फरक कुठेच नसताना ०.०५ च्या पातळीवर वीस स्वतंत्र टेस्ट लावल्या तर निदान एक तरी लागायची, म्हणजे चुकून "फरक आहे" म्हणायची, शक्यता ६४ टक्के. तुम्ही वय, शिक्षण, गाव, माशाचा प्रकार सगळ्यावर टेस्ट लावत सुटलात तर काहीतरी लागणारच.

सुरमई_फ्राय

मेलेल्या सामनला माणसाच्या भावना कळल्या आणि आमच्या बॉसला जिवंतपणी नाही.

तांबडी_माती_२

हसू नका, माझ्यावर हे बेतलंय. माझ्या पदव्युत्तर प्रकल्पात स्मरणशक्तीच्या चाचण्या होत्या, तीन महिने शाळाशाळांतून फिरून गोळा केलं. पहिली चूक, प्रत्येक मुलाची फक्त बेरीज लिहिली, बारापैकी नऊ. कुठले नऊ, कुठल्या क्रमाने, काही नाही. नंतर कळलं एक प्रश्न चुकीचा छापला होता आणि तो काढून टाकायची सोयच उरली नाही. दुसरी त्याहून वाईट. फरक लागेना तेव्हा गाईड म्हणाले ही दोन मुलं आउटलायर (बाकीच्यांपेक्षा फारच वेगळी) दिसतात काढा, मग ते तिसरंही काढा, आणि पी-व्हॅल्यू ०.०४७ आल्यावर म्हणाले बास. पेढे वाटले हो आम्ही. पुढे २०१५ चा तो मोठा अभ्यास वाचला, मानसशास्त्रातले १०० प्रयोग पुन्हा केले तर मुळात ९७ टक्के लागलेले होते आणि फेरतपासणीत ३६ टक्केच लागले. तेव्हा ते पेढे घशाशी आले.

खारी_हवा, एक्सेलमध्ये एका ओळीत एक उत्तर लिही. कोण, कुठली फेरी, कितवा नंबर, कुठलं गणित, काय उत्तर दिलं, किती सेकंद. बेरीज संगणक करेल. आणि काय वगळायचं ते आत्ताच लिहून तारीख घालून सरांना मेल करून ठेव.

नाना_फडफडे

हे पेढ्यांचं वाचून माझाच मुद्दा सिद्ध झाला असं मी म्हणणार होतो. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर दोन महिने बाजारात बसूनही मला जे हवं तेवढंच मी ऐकलं असतं. असो. पावकी-निमकीचा मुद्दा मात्र कुणी घेतला नाही. मावशी "पावणेदोनशे" म्हणते, कागदावर १७५ लिहिलंय. हे दोन आकडे तिच्यासाठी एकच आहेत का?

किनाऱ्यापल्याड

नाना, हा ह्या धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न आहे, दंडवत. मराठीत आपण पंचवीस म्हणतो, पाच आधी, वीस नंतर, आणि लिहितो मात्र २ आधी. जर्मनमध्येही असंच उलटं आहे आणि तिथल्या लहान मुलांचं ऐकून लिहिताना आकडे उलटसुलट होतात हे दिसलेलं आहे. त्यात आपले सव्वा, दीड, पावणे, अडीच. तेव्हा "तोंडी" आणि "कागद" ह्यांत नुसती जागा बदलत नाही, आकड्याचं रूपच बदलतं.

दापोलीचा_माळी

अवांतर: आकड्यांच्या माणसांत कोकणपट्टीचं नाव निघालं नाही अजून. दामोदर कोसंबी, जन्म गोव्याचा, १९०७. इतिहासकार म्हणून लोकांना माहीत, पण जुन्या नाण्यांची वजनं करून त्यांनी दाखवलं की नाणं जितकं जास्त वापरात फिरतं तितकं सरासरी वजन घटतं आणि नाण्यानाण्यातला फरक वाढतो. सरासरीच्या जोडीला पसरण का बघायची हे मला त्यावरून कळलं, पुस्तकातल्या व्याख्येवरून नाही.

आणि जाता जाता, हापूस एक वर्ष धरतो, एक वर्ष रुसतो. रुसलेल्या वर्षी लोक घाबरून काहीतरी नवीन औषध घालतात किंवा गाऱ्हाणं घालतात, पुढच्या वर्षी झाड आपोआप धरतं आणि श्रेय औषधाला जातं. औषध न घातलेली चार झाडं शेजारी ठेवल्याशिवाय काही बोलू नये. माणसांचंही तसंच. फक्त कमी गुणवाली मुलं निवडून शिकवणी लावली तर पुढच्या वेळी थोडी तरी वर येतातच, शिकवणी असो नसो.

खारी_हवा

बापरे, एवढं लिहिलंत सगळ्यांनी, वाचता वाचता रात्रीचा एक वाजला. मी गेले दहा दिवस गप्प होते कारण चार जणींवर करून बघत होते. नक्की कुठे फसतंय ते बघायला. फसलंच, आणि मी विचार केला होता तिथे नाहीच.

पहिली मावशी, कागद पुढे केला तर म्हणाली "चष्मो घराक रवलो." म्हणजे माझी कागदाची फेरी हिशेब मोजत नव्हती, चष्मा मोजत होती! दुसरीला मध्येच गिऱ्हाईक आलं आणि पाच सेकंदांचं उत्तर ४४ सेकंदांचं झालं. तिचे आकडे ३, ४, ४, ५, ४४. सरासरी काढली तर १२ सेकंद, जे तिने एकदाही घेतले नाहीत. मधला आकडा ४. आता मला दहावीतला मध्यक कशासाठी होता ते कळलं, वीस मार्कांसाठी नव्हता तर.

पण सगळ्यात मोठा घोळ बाजाराच्या फेरीत. मी ठरलेले मासे मागितले, उत्तर यायला हवं होतं ५५०. ती म्हणाली पाचशे. मी वहीत "चूक" लिहिलं. तिसरीने ४६० च्या ऐवजी साडेचारशे. चूक. तोंडीला कागदापेक्षा कमी गुण पडायला लागले आणि मी हादरले, सगळा विषयच उलटा पडला म्हणून. शेवटी न राहवून आमच्या नेहमीच्या मावशींना विचारलं, मावशी, ५५० होतात ना? तर त्या हसल्या. "पाचशे दी म्हटलंय म्हणान माका साडेपाचशे कळूक नाय काय गो?"

आणि हे मी पहिल्या पोस्टमध्ये स्वतःच लिहिलं होतं, "साडेपाचशे झाले, तू पाचशेच दी."

आकडेशास्त्री

वा! चार बायकांत एवढं हाती लागलं, माझ्या काही विद्यार्थ्यांना चारशेत लागलं नाही. हिशेब वेगळा, सौदा वेगळा. आता "बरोबर उत्तर" म्हणजे काय ते एका वाक्यात लिहून काढा, गोळा करायच्या आधी. त्या चार जणी मात्र अंतिम आकडेवारीत घेऊ नका.

गुहागरची_सून

सोपं आहे. "किती झाले?" आणि "किती देऊ?" हे दोन वेगळे प्रश्न विचार. पहिल्याचं उत्तर मोज, दुसऱ्याचं वहीच्या कडेला लिही, सवलतीवर पुढचा प्रकल्प होईल.

किनाऱ्यापल्याड

आणि चष्म्यासाठी तिसरी फेरी घाला. एक, पाटीपाशी खरे मासे. दोन, तिथेच, पण नुसते आकडे तोंडी, "दीडशे अधिक सव्वादोनशे". तीन, कागद, मोठ्या अक्षरात, चष्म्यासकट. एक आणि दोन मध्ये माशांचा फरक, दोन आणि तीन मध्ये कागदाचा. ह्या दोन तुलना आधीच ठरवलेल्या, बाकी जे दिसेल ते "असंही दिसलं" म्हणून लिहा.

दापोलीचा_माळी

तीन फेऱ्या म्हणजे सहा क्रम. तीन फेऱ्या तर गणितांचे संचही तीन, तेही फिरवायचे तर सहा गुणिले तीन, अठरा जोड्या. तेव्हा १८ बायका घ्या नाहीतर ३६. मधले आकडे घेतलेत तर पट्टे लंगडे पडतील. मास्तरांच्या ३४ च्या वर ३६ जातात, देव पावला.

बाबल्या_मिठगवाणे

सॉफ्टवेअर कुठलं? आमच्याकडे ते महागडं पायरेटेड फिरतंय.

तांबडी_माती_२

अजिबात नको. जमोव्ही किंवा जास्प, दोन्ही फुकट, माऊसने चालतात. पुढे जायचं असेल तर आर (R) ही संगणकभाषा. पण खारी_हवा, आधी कागदावर ३६ रेघा ओढ, प्रत्येक बाईचे दोन ठिपके, तोंडी आणि कागद, जोडून टाक. रेघा बहुतेक एकाच दिशेला झुकल्या तर टेस्ट लावायच्या आधीच तुला कळेल. एखादी उलटी गेली तर तिच्याकडे परत जा, रागवू नकोस तिच्यावर.

खारी_हवा

सरांना शेवटी विचारलं. म्हणाले "पेअर्ड? चालेल की, मला काय." एवढंच होतं! लाज उगाच वाटत होती.

हिशेब असा बसलाय: मालवणात १६ जणी तयार आहेत, वेंगुर्ल्याला आत्या आहे तिच्या ओळखीने १२, देवबाग-तारकर्लीच्या बाजूला ५. झाल्या ३३. तीन कमी. संमतीचा मजकूर मराठीत लिहून वाचून दाखवणार, सही नको असेल तर तोंडी. लिलाव आटोपून गर्दी ओसरली की मगच, म्हणजे धंदा बुडायचा नाही आणि ४४ सेकंदही व्हायचे नाहीत. चिठ्ठ्या पाडल्या आहेत, डब्यात आहेत, आईने चुकून पापडाच्या डब्यात टाकल्या होत्या, सापडल्या.

सुरमई_फ्राय

माझी सख्खी मामी आचऱ्याला मासे विकते, तिच्या दोन जावाही. तीन झाल्या. अट एकच, सौंदाळ्यांचा पत्ता.

खारी_हवा

पाठवते. पण मावशी दीडशे सांगतील आणि तुम्ही "किती देऊ?" विचाराल तेव्हा काय बोलल्या ते लिहून ठेवा, सेकंदासकट.